घट

चार खान्यांचा डबा घेतला, तेव्हा हिशेब मांडला होता
वीजबिलाच्या पाठीवर:
चार डिस्का, प्रत्येकी आठ टीबी, बत्तीस.
हाती आले चोवीस.
बाबा म्हणाले, उरलेले आठ कुठे गेले?
म्हटलं, ती घट.
एक डिस्क गेली, तर बाकीच्या तिघी
आपापसांत बेरीज-वजाबाकी करून
तिच्या पोटातलं सगळं परत सांगतात, त्याची किंमत.
चष्मा पुसत म्हणाले,
गिरणीवालासुद्धा एवढी घट धरत नाही.

डब्यात बाबांचे आवाज.
म्हणजे त्यांचे स्वतःचे नव्हेत. भोसरीतल्या बेअरिंगांचे,
कंप्रेसरचे, लेथचे.
एकतीस वर्षं शेडमधून टेपरेकॉर्डर घेऊन हिंडले,
कॅसेटवर बॉलपेननं लिहिलेलं:
शाफ्ट चार, ग्रीस संपत आलंय, मार्च सत्त्याऐंशी.
आमच्या बारशाची एकही कॅसेट नाही.
एका टेपवर फक्त, सोसायटीच्या पंपाच्या घरघरीमागून
आई विचारते, पाणी आलं का?
बाबा उत्तर देत नाहीत. ते पंप ऐकतायत.

त्यांची एकच अट: दाबून भरायचं नाही.
दाबलं की बारीक आवाज आधी मरतात.

बाकीची जागा लग्नांनी खाल्ली. लोकांच्या.
मी शूटिंग करते, आणि कुठलाच नवरदेव
चार कॅमेऱ्यांखाली ऐकत नाही.
नव्वद टक्के भरला डबा. मग नवा कागद, नवा हिशेब:
सहा खान्यांचा डबा घ्यावा,
की आहेत त्याच खान्यांत एकेक करून
आठाच्या जागी सोळा?
एक काढायची, एक घालायची, दीड दिवस थांबायचं,
मग पुढची. चार वेळा जीव मुठीत.

तापकीर गल्लीतला जिनेंद्र पहिल्यापासून सांगत होता,
मॅडम, एका लॉटच्या चार नेऊ नका,
एकत्र आल्या की एकत्र जातात.
मी तीन एका लॉटच्या नेल्या होत्या.
दुसऱ्या लॉटची त्याच्याकडे तेव्हा एकच होती
आणि मला घाई.

रविवारी बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक
डब्याच्या पत्र्याला टेकवलं, मूठ कानाला लावली.
चारही दिवे हिरवे.
तिसरी, ते म्हणाले. खालून.
मी म्हटलं, बाबा, ती लेथ नाही.
मंगळवारी तिसरा दिवा केशरी झाला.

सोळाची एक आणलेलीच होती, ती आत सरकवली.
स्क्रीनवर आकडा मुंगीसारखा चालू लागला.
डबा म्हणजे बॅकअप नव्हे, हे मीच सगळ्यांना सांगते.
दुसरी प्रत निगडीला ताईकडे, लोणच्याच्या बरण्यांमागे.
शेवटची भरली होती दिवाळीत.
आता जून.

बुधवारी रात्री एकसष्ट टक्के,
आणि फोनवर निरोप: उद्या गुरुवार,
सकाळी दहा ते चार वीज नाही.
आमचा यूपीएस बारा मिनिटांचा.
रीतसर बंद करून नंतर पुढे चालवता येतं,
मला माहीत आहे, मी वाचलं आहे.
पण उरलेल्या तिघींपैकी एखादी
पुन्हा उठलीच नाही तर?
वरच्या गोवंडे काकूंच्या इन्व्हर्टरवरून
गॅलरीतून वायर सोडली.
काकू म्हणाल्या, फ्रिज बंद ठेवते तोवर,
पण दूध नासलं तर तुमच्या नावावर.

बाबा डब्यापाशी बसून राहिले,
मूठ कानाला, डोळे मिटलेले.
पंखा बंद, बाहेर कर्वेनगर उन्हात गप्प.
साडेबाराला शंभर झाले.
मी वर जाऊन काकूंना एक लिटर दूध देऊन आले.

खाली येते तर त्यांनी जुनी तिसरी
माझ्या लॅपटॉपला जोडलेली, माइक तिच्यावर वाकलेला:
टक्. टक्. मध्ये श्वासाएवढी फट. टक्.
फाइलला नाव त्यांनीच दिलं:
डिस्क तीन, डोकं आपटतंय, जून.
ती डब्यात ठेवली, न दाबता.
मी विचारलं, झालं समाधान?

त्यांनी स्क्रूड्रायव्हर धोतराच्या सोग्याला पुसला.
दुसरीकडे लक्ष ठेव, म्हणाले.